स्लाइड हॅमरला पकड शोधताना: मागून बंद बोअरमधल्या एका बेअरिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरापासून फार लांब नसलेलं एक दुचाकीचं गॅरेज. मालक तिशीतला, हाताखाली एक पोरगा. माझं टूलरूममधलं काम त्याच गल्लीत होतं, त्यामुळे हे सगळं जवळून पाहिलं आणि एका टप्प्यावर त्यात हातही घातला. माणसांची आणि गाडीची ओळख इथे ठेवलेली नाही. मापं मात्र होती तशीच दिली आहेत, कारण या गोष्टीत मापांनाच महत्त्व आहे.

मालकानं एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून स्लाइड हॅमर आणला होता. लांब रॉड, त्यावर सरकणारं सव्वादोन किलोच्या आसपासचं वजन, मागे मूठ आणि पुढच्या टोकाला आटे. बस्स, एवढंच. त्याबरोबरचे हुक, जबडे, कॉलेट (भोकात घालून फाकवायची, चिरा असलेली पकड) यातलं काहीच नव्हतं. जुन्या बाजारात अवजार मिळतं, त्याचं गोत मिळत नाही. आठ महिने तो हॅमर भिंतीवरच्या खिळ्याला लटकून होता. मधे एकदा चारचाकीच्या दरवाज्याचा पोचा काढायला तो वापरायचं ठरलं, पण टोकाला लावायचा स्क्रू सापडला नाही.

ज्यांनी हे अवजार वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जी वस्तू मागून ठोकून काढता येत नाही ती पुढून पकडायची आणि वजन जोरात मुठीकडे सरकवायचं. वजन मुठीजवळच्या थांब्यावर आपटतं आणि तो झटका रॉडमधून पुढच्या पकडीत जातो. सव्वादोन किलोचं वजन सेकंदाला ४ मीटरच्या वेगानं आपटलं तर त्यात सुमारे १८ जूल ऊर्जा असते. ती १ मिलिमीटरच्या हालचालीत थांबली तर सरासरी बल १८०० किलोच्या घरात जातं. तीच ५ मिलिमीटरमध्ये थांबली तर पावणेचारशे किलोसुद्धा भरत नाही. म्हणजे पकड लवत असेल, आट्यांत खेळ असेल किंवा हुक स्प्रिंगसारखा ताणला जात असेल, तर ठोका तिथेच जिरतो. वजन जड केलं म्हणून हे भरून निघत नाही.

अडचण

आता बनत नसलेल्या एका मॉडेलची मोटारसायकल गिअरबॉक्सच्या आवाजासाठी आली. क्रँककेस, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चेंबर, उघडल्यावर दोष दिसला. गिअर शाफ्टच्या टोकाचं ६२०३ बेअरिंग बोटानं फिरवलं तरी खरखरत होतं. ६२०३ म्हणजे आतला व्यास १७, बाहेरचा ४०, रुंदी १२ मिलिमीटर. बेअरिंग बाजारात कुठेही मिळतं. पण ते बसलं होतं ॲल्युमिनियमच्या ओतीव भागातल्या अशा बोअरमध्ये, म्हणजे भोकात, जे मागून बंद आहे. आतल्या रेसच्या, म्हणजे बेअरिंगच्या आतल्या कडीच्या, मागे जेमतेम ४ मिलिमीटर मोकळी जागा. बाहेरची रेस मागच्या पायरीला टेकलेली, त्यामुळे तिला मागून हात लागणं शक्यच नाही.

चेंबर नवा मिळत नव्हता. भंगारातला मिळाला तर त्याचं बोअर कसं असेल ते सांगता येत नव्हतं. गिऱ्हाईक वडिलांची गाडी म्हणून ती चालू करून घ्यायला आलं होतं, त्यामुळे 'दुसरी घ्या' हे उत्तर चालणारं नव्हतं.

गाडी माझ्या नजरेला पडण्याआधी दोन प्रयत्न होऊन गेले होते. पहिला, दोन स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटण्याचा. त्याच्या दोन खाचा बोअरच्या काठावर कायमच्या राहिल्या. दुसरा ग्रीसचा. आतल्या रेसमधून ग्रीस ठासून भरायचं, १७ मिलिमीटरची घट्ट सळई घालून वर हातोडा मारायचा, म्हणजे ग्रीसचा दाब बेअरिंगला मागून ढकलतो. बंद भोकातल्या बुशसाठी ही युक्ती उत्तम आहे. उघड्या बेअरिंगमध्ये मात्र ग्रीस गोळ्यांच्या मधून वाट काढतं. पोराच्या शर्टावर ते व्यवस्थित उडालं. बेअरिंग जागचं हललं नाही.

समोर असलेले पर्याय

चहाच्या टपरीवर जे पर्याय निघाले ते असे. चेंबरला मागून दोन भोकं पाडायची, पंचनं बेअरिंग बाहेर ठोकायचं आणि भोकं नंतर बुजवायची. हा प्रकार आमच्याकडे बरेच जण करतात आणि त्याचं समर्थनही करतात. गल्लीतल्या टर्नरनं तो एका वाक्यात उडवला: "उद्या तिथनं ऑइल गळालं की गिऱ्हाईक तुझ्या दारात, माझ्या न्हाई."

दुसरा पर्याय तयार इंटर्नल पुलरचा, म्हणजे बेअरिंग आतून धरून ओढणाऱ्या अवजाराचा, सेट मागवण्याचा. साधारण ८ ते ३२ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरसाठी निरनिराळी कॉलेट असलेले सेट मिळतात. त्याला काही दिवस लागणार होते, आणि त्या सेटचे आटे भिंतीवरच्या हॅमरला बसतील की नाही हा प्रश्न होता. तसे सेट बहुधा स्वतःच्या हॅमरसकट येतात. म्हणजे आठ महिन्यांपूर्वीची खरेदी वायाच.

तिसरा, चेंबर तापवून उलटा लाकडावर आपटणं. चौथा, असलेल्या हॅमरला स्वतः पकड बनवणं. मालकाला चौथा आवडला. मला वाटतं त्यात गाडीपेक्षा त्या लटकलेल्या हॅमरचा वाटा जास्त होता. वस्तू घरात पडून असली की ती वापरायचं निमित्त माणूस शोधत असतो.

तापवण्याचा पर्याय आधी का घेतला नाही, हे मी नंतर विचारलं. "तापवायचं शेवटी करू म्हटलं, उगाच चेंबर वाकडा व्हायचा," असं उत्तर आलं. भीती अगदीच चुकीची नव्हती. ब्लो लॅम्पनं एकाच जागी तापवलं तर ओतीव भाग वाकू शकतो. पण सगळा भाग सारखा तापवायच्या रीती असतात. त्याचं पुढे येईलच.

पहिली पकड: पाट्याचा हुक

मालकानं रॉडच्या टोकाला व्हर्निअर लावला. माप आलं १५.८. "एम १६," म्हणजे १६ मिलिमीटरचे मेट्रिक आटे, असं तो म्हणाला आणि पोरानं मान डोलावली. साधा एम १६ चा नट घालून पाहिला, तो तोंडालाच अडला. मग ट्रकच्या भंगारातला बारीक आट्याचा, म्हणजे १६ बाय १.५ चा नट घातला. दोन आटे हातानं गेले, तिसरा स्पॅनरनं. "बसला."

त्या नटाला त्यानं जुन्या कमानीच्या पाट्याचा तुकडा हुकासारखा वाकवून वेल्ड केला. पाट्याचं पोलाद चिवट, म्हणून हुक चिवट होईल असा हिशेब.

तिसऱ्या ठोक्याला हुक वेल्डच्या कडेला तुटला. तुकडा पत्र्याच्या भिंतीवर आपटला आणि शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं बाहेर येऊन विचारलं काय फुटलं म्हणून. गॉगल कुणाच्याच डोळ्यांवर नव्हता. मी त्याच आवाजानं तिथे गेलो.

तुटलेली कड पाहिली. दाणेदार, चमकणारी, वाकल्याची खूण नाही. कमानीच्या पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान असतो. असं पोलाद वेल्ड करताना सांध्याच्या शेजारचा पट्टा लालबुंद होतो आणि बाजूचा गार धातू त्याची उष्णता चटकन ओढून घेतो. म्हणजे तिथे न मागता पाणी दिल्यासारखं होतं. तो पट्टा काचेसारखा कडक आणि काचेसारखाच ठिसूळ बनतो. वेल्डच्या आधी तुकडा तापवून घेतला आणि नंतर राखेत हळूहळू गार होऊ दिला तर हे बरंच टळतं. पण झटका सोसायच्या वस्तूत शक्यतो वेल्ड नसावाच, असं माझं मत आहे.

हुकात दुसराही दोष होता. एकाच बाजूनं ओढल्यावर बेअरिंग बोअरमध्ये तिरपं होऊ पाहतं आणि तिरपं झालं की आणखी घट्ट बसतं. पण तो दोष दिसायची वेळच आली नाही.

आट्यांचा उलगडा

तुटलेल्या हुकाचा नट काढायला जोर लागला तेव्हा मला शंका आली. खिशातून आटे मोजायचं गेज काढलं. १.५ चं पान लावलं तर दोन आटे जुळत आणि पुढे फट दिसत होती. इंचाच्या पानांतलं १८ चं पान लावलं आणि ते सगळ्या लांबीत चपखल बसलं. आटे ५/८ इंच, एका इंचाला १८, म्हणजे यूएनएफ, इंचाच्या मापातले बारीक आटे. परदेशी बनावटीच्या स्लाइड हॅमरमध्ये हे माप नेहमी दिसतं.

इथली गोम अशी की ५/८ इंच म्हणजे १५.८७५ मिलिमीटर. एम १६ चा बोल्टही प्रत्यक्षात १६ ला थोडा कमीच कापलेला असतो. म्हणून व्हर्निअरवर दोघांत फरक कळत नाही. फरक असतो तो पिचमध्ये, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतरात: १.५ विरुद्ध १.४११. दर आट्याला नऊ शतांश मिलिमीटरच्या जवळपास तफावत साठत जाते. पहिले दोन आटे ढिलाईत खपून जातात, तिसऱ्यापासून लोखंड लोखंडाला खाऊ लागतं. स्पॅनरनं 'बसवलेला' नट रॉडचे पुढचे आटे चिरडत होता.

गेज नसेल तर फूटपट्टीसुद्धा चालते. २५.४ मिलिमीटरमध्ये १८ आटे नीट मोजून भरले तर इंचाचे. १.५ पिचचे तेवढ्यात सतराही पुरे भरत नाहीत. मोजायला पाच मिनिटं लागतात. हॅमर आठ महिने तिथे होता.

आता दोन वाटा होत्या. रॉडचं टोक छाटून एम १२ चे आटे पाडायचे किंवा रॉड आहे तसा ठेवून मधे एक जोड बनवायचा. मालकाचा कल छाटण्याकडे होता, कारण एम १२ च्या वस्तू दुकानात ढिगानं मिळतात. मी आणि टर्नर दोघंही विरोधात होतो. रॉड एकदा छाटला की त्या मापाची तयार पकड पुढे कधी मिळाली तरी ती लागणार नाही. जोड चुकला तर भंगारात टाकून दुसरा करता येतो, रॉडचं तसं नाही. हा निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं.

दुसरी पकड: भिंतीचा अँकर

जोड लेथवर चढेपर्यंत मालक स्वस्थ बसला नाही. भिंतीत ठोकायचा अँकर फास्टनर, बाहेरचा व्यास १६ च्या आसपास, बेअरिंगच्या १७ च्या बोअरमध्ये घातला आणि आवळला. बाही फुगली आणि रेसला आतून घट्ट बसली. ही युक्ती खरोखर चालते. लहान बेअरिंगं अशी निघालेली मी पाहिली आहेत. हॅमर अजून जोडता येत नव्हता म्हणून त्यानं अँकरच्या नटाखाली पट्टी अडकवून खालून हातोडीनं ठोकलं.

सहा-सात ठोक्यांत अँकर सुळकन बाहेर. रेसच्या आतल्या बाजूला घासल्याची चकाकी, बेअरिंग तिथल्या तिथे.

"पकड कमी पडली," हा सगळ्यांनी काढलेला निष्कर्ष. मीही मान डोलावली, हे इथे लिहून ठेवतो.

तिसरी पकड: जोड आणि कॉलेट

टर्नरनं २५ मिलिमीटरच्या ईएन ८ पोलादाच्या ब्राइट बारमधून जोड काढला. वरच्या टोकात १४.५ चं भोक आणि त्यात ५/८ यूएनएफचा टॅप २५ मिलिमीटर खोल. खालच्या टोकाला त्याच धातूतून कोरलेला एम १२ चा ३० मिलिमीटर लांब स्टड. वेल्ड कुठेच नाही. टॅपचा सेट उद्यमनगरातल्या हत्यारांच्या दुकानात तिसऱ्या फेरीत मिळाला. पहिल्या दोन दुकानांत "यूएनएफ कशाला, एम १६ घ्या" असा सल्ला मिळाला होता. रॉडचे चिरडलेले पुढचे आटे तिकोनी कानशीनं एकेक करून साफ केले. या कामात अर्धी दुपार गेली, जी गेज आधी लावलं असतं तर गेली नसती.

जोडाच्या वर रॉडवर एक चेक नटही आला, त्याच ५/८ मापाचा. झटक्यांनी आटे सुटत जातात, आणि सुटलेल्या आट्यांतला खेळ वर सांगितल्याप्रमाणे ठोका गिळतो. चेक नट आवळल्यावर वजन आपटल्याचा आवाज बदलतो. आधीचा 'खडाक' जाऊन बसका, भरीव 'ठक्' येतो. कानाला सवय झाली की सांधा घट्ट आहे का ते त्या आवाजावरून कळतं.

कॉलेटची रचना टर्नरची. मी फक्त मापं लिहून घेतली. धातू ईएन २४ पोलाद, टी अवस्थेतला, म्हणजे आधीच पाणी दिलेला आणि तरी लेथवर कापला जाणारा. त्यामुळे नंतर भट्टीची भानगड नाही. एकूण लांबी ६५. खालचा ३५ मिलिमीटरचा भाग १५ व्यासाचा, आणि अगदी टोकाला अडीच मिलिमीटर जाडीची ओठासारखी कड, व्यास १६.८. म्हणजे मिटलेली असताना १७ च्या रेसमधून आत जाते आणि मागच्या ४ मिलिमीटरच्या मोकळ्या जागेत मावते. कडेची वरची बाजू काटकोनात. तिथे गोलाई राहिली तर ओढताना ती सटकते, कारण रेसच्या कोपऱ्यालाही गोलाई असतेच.

आतून वरच्या बाजूला एम १२ चे आटे, त्याखाली ८ मिलिमीटरचं भोक, आणि शेवटच्या १० मिलिमीटरमध्ये फक्त ५ चं. टोकाकडून हॅक्सॉनं अधिकच्या चिन्हासारखे दोन काप, ३० मिलिमीटर वरपर्यंत. काप जिथे संपणार तिथे आधीच ३ मिलिमीटरची आडवी भोकं, म्हणजे तिथून तडा पुढे सरकत नाही. आता गंमत. ८ मिलिमीटरची एक डॉवेल पिन टोकाला निमुळती घासून कॉलेटमध्ये मोकळी टाकायची. वरून जोडाचा एम १२ स्टड आवळला की तो पिनला खाली ढकलतो, पिन ५ च्या भोकात घुसते, चारही पाकळ्या फाकतात आणि ओठ रेसच्या मागे अडकतो. एकच स्टड फाकवतो आणि तोच ओढतो. दोन मिलिमीटर फाकल्यावर ओठाला दोन्हीकडे जवळपास एक-एक मिलिमीटर पकड मिळते. एवढी पुरते, कारण ती सगळ्या बाजूंनी सारखी असते.

बाहेरची रेस घट्ट असताना आतल्या रेसला धरून ओढायचं म्हणजे सगळा झटका गोळ्यांमधून जातो आणि बेअरिंग निकामी होतं. इथे ते फेकायचंच होतं. चांगलं बेअरिंग वाचवायचं असेल तर हा मार्ग नाही.

थांबण्याचा क्षण

कॉलेट पहिल्याच प्रयत्नात बसला. गॉगल घातले. मुठीवरचा हात मागे ठेवून, म्हणजे वजन आणि थांबा यांच्या मधे बोट येणार नाही असा, मालकानं ठोके सुरू केले. दहा ठोके झाले. कॉलेट हलला नाही, आटे सुटले नाहीत, आवाज भरीव. आणि बेअरिंगही हललं नाही.

"वजन कमी पडतंय, जड करूया," असं मालक म्हणाला. रॉडवर आणखी एक लोखंडी कडं चढवायची त्याची तयारीही झाली. टर्नरनं त्याच्या हातातून हॅमर काढून घेतला, बोअरच्या काठावरून अंगठा फिरवला आणि पोराला डिझेल आणि ब्रश आणायला सांगितलं.

काजळी निघाल्यावर बोअरच्या काठाला तीन ठिकाणी, साधारण सारख्या अंतरावर, पंचच्या खुणा दिसल्या. प्रत्येक खुणेपाशी ॲल्युमिनियम फुगून बाहेरच्या रेसच्या कडेवर आलेलं होतं.

"आधीच्या मिस्त्रीनं लॉक केलंय लेका हे. तू बेअरिंग वडत न्हाईस, चेंबर वडतोयस."

आधी कुणीतरी गाडी उघडली तेव्हा बोअर सैल झालेलं असणार, आणि बेअरिंग फिरू नये म्हणून काठ पंचनं चेपला असणार. ही रीत जुनी आणि सर्रास चालणारी आहे. ती केली हा दोष नाही. आमच्यापैकी कुणी ती पाहिली नाही, हा आहे.

या प्रकरणातली माझ्या मते सगळ्यात मोलाची जागा हीच. हुक तुटला तेव्हा आम्ही हुकाला दोष दिला, अँकर सटकला तेव्हा अँकरला. दोघांत दोष होतेच. पण त्या दोघांच्या कमकुवतपणामुळे चेंबर वाचला होता. घरच्या वायरिंगमधल्या फ्यूजसारखे ते आधी गेले. कॉलेट मात्र जाणारा नव्हता. तो आणि जड केलेलं वजन मिळून पुढच्या दहा-पंधरा ठोक्यांत बोअरच्या काठाचे तुकडे घेऊनच बाहेर आले असते. पकड जितकी चांगली बनवली तितकं नुकसान करायचं बळ आम्ही हातात घेतलं होतं, आणि अडलंय का हे पाहायचं काम तसंच राहिलं होतं.

काय केलं आणि काय झालं

तिन्ही फुगवटे बेअरिंगच्या स्क्रेपरनं खरवडून काढले. कीस आत पडू नये म्हणून भोवती ग्रीसचा थर दिला आणि नंतर तो पुसून घेतला. चेंबर डिझेलनं, मग साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडा केला. तापवायच्या वस्तूवर डिझेल किंवा पेट्रोल राहू देणं म्हणजे आगीला बोलावणं. मग जाड तव्यावर, मंद आचेवर, सगळा भाग सारखा तापेल असा ठेवला. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र होऊन उडाला की पुरे.

हिशेब असा: ॲल्युमिनियम दर अंशाला पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ४० मिलिमीटरच्या बोअरमध्ये ८० अंशांच्या वाढीनं दोघांतला फरक साडेतीन शतांश मिलिमीटरच्या आसपास येतो. बसणीतला दाब बहुधा याहून कमीच असतो.

कॉलेट पुन्हा लावला. चौथ्या ठोक्याला बेअरिंग हललं, सहाव्याला बाहेर आलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. काम एवढं हलकं निघालं याचा थोडा रागच आला होता.

बोअर गेजनं मोजल्यावर बोअर बेअरिंगपेक्षा दोन शतांश मोठं निघालं. पंच का मारला गेला त्याचं उत्तर तिथेच मिळालं. खरा इलाज म्हणजे बोअर मोठं करून बुश बसवणं आणि ते पुन्हा ४० ला काढणं. गिऱ्हाइकाशी बोलून सध्या तो टाळला. बोअर आणि नवं बेअरिंग स्वच्छ करून बेअरिंग धरून ठेवणाऱ्या द्रावावर बसवलं. दोन शतांशांच्या फटीला तो पुरतो. पंच पुन्हा मारला नाही. चेंबरच्या आतल्या मोकळ्या जागेवर मालकानं तारीख आणि 'द्राव लावलाय, तापवून काढा' असं कोरलं. पुढे ज्याच्या हातात हा चेंबर येईल त्याच्यासाठी. चार महिन्यांनी गाडी दुसऱ्या कामाला आली तेव्हा गिअरबॉक्सचा आवाज नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा करायला हवा होता. आधी धुणं आणि बोट फिरवून पाहणं, मग तापवणं, मग ओढणं. पंचच्या खुणा पहिल्या दिवशी दिसल्या असत्या तर नुसतं तापवून उलटं आपटल्यावरही बेअरिंग पडलं असतं, अशी दाट शक्यता आहे. सैल बोअर होतं शेवटी. म्हणजे कॉलेट या कामासाठी लागलाच असता का, हा प्रश्न उरतो. टर्नर म्हणतो नसता लागला. मालकाला ते मान्य नाही, आणि एवढी मेहनत घेतलेल्या माणसानं ते मान्य करावं अशी अपेक्षाही नाही.

माझ्या बाजूनं सांगायचं तर अँकर सटकला तेव्हाच मी थांबवायला हवं होतं. रेसच्या आतल्या बाजूला चकाकी आली आणि बेअरिंग केसभरही हललं नाही, म्हणजे काहीतरी अडवून धरतंय. मी पकडीचाच विचार करत राहिलो, कारण चर्चा पकडीची चालली होती.

तयार सेट न घेण्याच्या निर्णयाबद्दल मात्र मतं दोन आहेत. टॅपचा सेट, बारचे तुकडे आणि टर्नरची मजुरी धरून खर्च स्वस्त सेटच्या खालीच राहिला, पण मालकाचे आणि पोराचे मिळून तीन दिवस गेले. ते धरले तर सेट परवडला असता. उलट बाजूनं, जोड एकदा झाल्यावर पुढच्या वस्तू पटापट झाल्या. आतून आटे असलेल्या डॉवेल पिना ओढायला एम ६ ची टोपी. जीपच्या ॲक्सलचा शाफ्ट ओढायला १२ मिलिमीटरच्या प्लेटमधली चकती, १३९.७ च्या वर्तुळावर पाच भोकांची. ऑइल सील काढायला लाकडी स्क्रू बसवलेला छोटा तुकडा. सगळ्यांना मागे एम १२ चीच आतली बाजू. कमानीचा पाटा आणि वेल्ड पुन्हा कुणी वापरला नाही.

जोडावर आता '५/८ – १८' असं नंबरच्या पंचनं ठोकलं आहे आणि रॉडच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा असतो. १५ च्या बोअरचा, म्हणजे ६२०२ साठीचा कॉलेट अजून व्हायचा आहे. त्या मापात पाकळ्यांची भिंत फार पातळ होते आणि ८ ची पिन चालत नाही. टर्नर म्हणतो ६ ची घेऊ, मला ती वाकेल असं वाटतं. परवा एक ६२०२ आलंय, मागून बंद बोअरमधलंच. पोरगा सकाळी ते डिझेलनं धूत बसला होता.